कटिशूल आणि शय्याविचार : गादीच्या काठिण्याची युक्तियुक्त योजना

प्रास्ताविक

कटिशूल, कटिग्रह, त्रिकशूल, गृध्रसी या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या आपणा सर्वांच्याच चिकित्सालयांत मोठी असते. त्यांच्यासाठी स्नेहन, स्वेदन, बस्ती, कटिबस्ती, गुग्गुळकल्प यांची योजना आपण विचारपूर्वक करतो. आहाराचे पथ्यही लिहून देतो. परंतु रुग्ण रोजचे सात-आठ तास ज्या शय्येवर घालवतो तिच्याविषयीचे आपले मार्गदर्शन बहुधा एका वाक्यात संपते : "गादी काढा, फळीवर झोपा." पुष्कळ वेळा हे वाक्य आपण उच्चारण्यापूर्वीच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रुग्णास सांगितलेले असते, आणि आपल्या मौनामुळे त्यावर वैद्याची मोहोर उमटते.

हा सल्ला सर्वांना सरसकट लागू पडतो काय? त्यास ग्रंथाधार आहे काय? आधुनिक निरीक्षणे काय सांगतात? आणि गादीचे काठिण्य कमी-अधिक करावयाचे झाल्यास ते कोणत्या क्रमाने करावे? या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु हेतू चालू राहिला तर उत्तम औषधही निष्प्रभ ठरते हे आपण जाणतोच. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे आणि शय्या हे अनेक रुग्णांत रोज रात्री घडणारे निदान असते.

ग्रंथोक्त शय्याविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आहार, स्वप्न व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांतील स्वप्न म्हणजे निद्रा ही ज्या साधनावर अवलंबून आहे ती शय्या. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांची गणना करताना अभ्यंग, उत्सादन, स्नान इत्यादींबरोबर नीट अंथरलेल्या शयनाचाही, म्हणजे 'स्वास्तीर्ण' शयनाचा, उल्लेख येतो.

याहून महत्त्वाचा उल्लेख चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या म्हणजे वातव्याधीच्या अध्यायातील आहे. तेथे वातप्रकोपाच्या हेतूंमध्ये रूक्ष, शीत, अल्प, लघु अन्न, अतिप्रजागर इत्यादींच्या जोडीने 'दुःखशय्या' व दुःखासन ही कारणे स्पष्टपणे गणली आहेत. त्याच ठिकाणी दिवास्वप्नही आले आहे. म्हणजे गैरसोयीची शय्या ही केवळ अस्वस्थतेची बाब नसून वातव्याधीचा प्रत्यक्ष हेतू आहे, अशी आचार्यांची भूमिका आहे. दुःखशय्येमुळे झोपमोड होते, त्यातून प्रजागर घडतो, आणि प्रजागर हा स्वतःच वातवर्धक हेतू असल्याने एका कारणातून दुसरे उत्पन्न होते. गृध्रसी, श्रोणिभेद, त्रिकग्रह, पृष्ठग्रह हे सर्व ऐंशी नानात्मज वातविकारांत मोडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या हेतूचे कटिप्रदेशाशी असलेले नाते ध्यानी येते.

सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सुखकर शय्या व आसन यांचे गुण सांगताना ती श्रम व वायू हरण करणारी, पुष्टी, निद्रा व धृती देणारी असल्याचे म्हटले आहे आणि दुःखकर शय्येचे गुण याच्या उलट मानले आहेत. भावप्रकाशात तर शय्येच्या प्रकारांनुसार गुण दिले आहेत. खट्वा म्हणजे खाट ही त्रिदोषशामक, तूली म्हणजे कापसाची गादी ही वातकफनाशक, तर काष्ठपट्टी म्हणजे लाकडाची फळी ही वातल सांगितली आहे.

येथे क्षणभर थांबणे इष्ट आहे. ज्या व्याधीत आपण वातशमनार्थ तैल, घृत, बस्ती योजतो, त्याच व्याधीत आपण रुग्णास रात्रभर वातल शय्येवर झोपावयास सांगत असू, तर दिवसा केलेले रात्री पुसले जाते.

मग फळीचा सल्ला आला कोठून?

फळीवर झोपविण्याचा विधी आयुर्वेदात नाही असे मात्र नव्हे. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत, चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, 'कपाटशयन' सांगितले आहे. जंघा, ऊरू यांच्या भग्नात, तसेच श्रोणी, पृष्ठवंश, वक्ष व अक्षक यांच्या भग्नात रुग्णास फळीवर निजवून, ठरावीक ठिकाणी पाच कीलक ठोकून बांधावे, असा तो विधी आहे. त्याचा हेतू स्पष्ट आहे. तुटलेले वा निखळलेले अस्थी-संधी हलू नयेत म्हणून केलेले ते स्थिरीकरण आहे. ती ठरावीक काळापुरती शल्यकर्माची योजना आहे, नित्याची शय्या नव्हे. भग्नाचा विधी शूलाला लावणे हा अधिकरणाचा विपर्यास होय.

व्यवहारातील दुसरे कारण वेगळे आहे. पूर्वी घरोघरी सुंभाच्या वा नवारीच्या बाजा होत्या. त्या सैल पडल्या की मध्ये झोळी तयार होई आणि निजलेल्या माणसाची कंबर त्या झोळीत रुते. अशा बाजेवर फळी टाकली, की त्यावर कापसाची गादी घालून झोपणाऱ्यास खरोखरच आराम पडे. म्हणजे त्या सल्ल्याचा मूळ अर्थ 'झोळी काढा' असा होता. पुढे बाजा गेल्या, दिवाण व प्लायवूडचे पलंग आले, झोळी राहिली नाही. पण फळीचा सल्ला तसाच राहिला आणि त्यातून गादीच गाळली गेली.

आधुनिक निरीक्षणे

या विषयावर झालेल्या अभ्यासांपैकी सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास स्पेनमधील असून तो 'द लॅन्सेट' या नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन, विशिष्ट कारण न आढळणारी कंबरदुखी असलेल्या आणि अंथरुणात पडल्यावर व उठताना वेदना होणाऱ्या ३१३ प्रौढांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून एका गटास कठीण, तर दुसऱ्यास मध्यम कठीण गादी देण्यात आली. ९० दिवसांनी पाहता अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना व दैनंदिन हालचालींतील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांत सुधारणा अधिक आढळली.

या अभ्यासातील मोजपट्टी समजून घेणे अगत्याचे आहे. १ ते १० या युरोपीय मापनात १ हा अंक सर्वांत कठीण व १० सर्वांत मऊ असा होता. अभ्यासातील कठीण गाद्या २.३ व मध्यम कठीण गाद्या ५.६ या मापाच्या होत्या. बाजारातील विक्रेते पुष्कळदा याच्या उलट, म्हणजे १० हा अंक सर्वांत कठीण धरून बोलतात. म्हणून रुग्णास नुसता अंक सांगण्यापेक्षा 'मध्यम कठीण' हे शब्द सांगावेत.

डेन्मार्कमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १६० रुग्णांना पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारी फोमची गादी व कठीण गादी अशा तीन गटांत महिनाभर झोपविण्यात आले. पहिल्या दोन प्रकारांचा गुण कठीण गादीपेक्षा किंचित अधिक दिसला. मात्र फरक लहान होता. यावरून बोध असा की, कठीण गादी सर्वोत्तम हा समज टिकत नाही. तसेच अमुक एक महागडी गादी घेतली म्हणजे कटिशूल जाईल हा समजही टिकत नाही.

मणक्यांमधील चकतीवरील दाबाची मोजमापेही उद्बोधक आहेत. (रुग्ण या चकतीलाच 'मणक्यातील गादी' म्हणतात. त्यामुळे 'गादी बदला' असे सांगताना शब्दांचा घोटाळा होऊ देऊ नये.) जर्मनीत १९९९ साली एका स्वयंसेवकावर केलेल्या प्रत्यक्ष मापनात उभे असताना हा दाब सुमारे ०.५ मेगापास्कल, तर निजल्यावर ०.१ मेगापास्कल आढळला. मात्र सात तासांच्या विश्रांतीत तो ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढला, कारण रात्रभर चकती द्रव शोषून फुगते. सकाळी उठल्याबरोबर कंबर ताठ वाटते व पुढे वाकणे धोक्याचे ठरते ते यामुळे.

आणखी एक निष्कर्ष विसरता कामा नये. १९८६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात तीव्र कंबरदुखीत सात दिवसांच्या अंथरुणातील विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती तितकीच गुणकारी ठरली आणि कामाचे खाडे कमी झाले. सुखशय्या म्हणजे दीर्घ शय्या नव्हे. दिवास्वप्न हाही वातव्याधीचा हेतू सांगितला आहे, हे वर आलेच आहे.

शय्या दोषी आहे किंवा नाही?

गादी बदलण्यापूर्वी ती खरोखर हेतू आहे काय हे ठरवावे. यासाठी उपशयानुपशय ही आपली परीक्षापद्धती उत्तम आहे. रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत.

१) वेदना केव्हा अधिक असते? निजताना नसलेली वा कमी असलेली वेदना उठताना वाढते आणि चालू-फिरू लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत उतरते, असे असल्यास शय्येवर संशय घ्यावा. दिवसाच्या श्रमांनी वाढून रात्री निजल्यावर कमी होणाऱ्या वेदनेत शय्येचा दोष क्वचित असतो.

२) परगावी, दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यास काय होते? तेथे बरे वाटत असल्यास हा आयताच घडलेला उपशय समजावा.

३) गादी किती वर्षांची आहे? तक्रार गादी किंवा पलंग बदलल्यानंतर सुरू झाली काय?

४) कूस किती वेळा बदलावी लागते? कुशीवर झोपल्यास खांदा, कटीची बाजू दुखते वा हात बधिर होतो काय? असल्यास शय्या अतिकठीण असण्याचा संभव आहे. उलट, कूस बदलताना खड्ड्यातून वर यावे लागते, असे रुग्ण सांगत असल्यास शय्या अतिमृदू वा बसकी आहे.

यानंतर घरी करावयाच्या तीन सोप्या परीक्षा शिकवाव्यात.

अ) दोरीची परीक्षा : रिकाम्या गादीवर आडवी दोरी ताणून धरावी. मध्यभागी दोरी व गादी यांत दोन बोटांहून अधिक अंतर पडत असल्यास गादी बसली आहे असे समजावे.

ब) हाताची परीक्षा : रुग्णास उताणे निजवून कंबरेखालून तळहात सरकवावा. हात मोकळेपणाने आरपार जात असल्यास गादी अतिकठीण. हात शिरतच नसेल व नितंब खोल रुतलेले असतील तर अतिमृदू. थोडा अडखळत जात असल्यास योग्य.

क) पाठीच्या रेषेची परीक्षा : रुग्णास कुशीवर निजवून घरच्या माणसाने पाठीमागून पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा गादीला समांतर व सरळ दिसावी. कंबर खाली झुकलेली दिसल्यास गादी मऊ. खांदा व कटी वर उचललेले आणि मधला भाग अधांतरी दिसल्यास गादी कठीण.

गाद्यांची द्रव्ये व त्यांचे स्वभाव

कापूस : वायू खेळता राहतो, स्पर्श उष्ण व सुखद असतो. परंतु कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात व गादी दगडासारखी होते. म्हणून गादी वरचेवर उन्हात घालावी व वर्ष-दोन वर्षांनी पिंजून घ्यावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, कापूस ओल धरतो. ओलसर, थंड गादी वातकफाच्या रुग्णास अपथ्यच होय.

रबरयुक्त काथ्या : नारळाच्या काथ्यावर रबराचा लेप देऊन केलेली ही गादी कठीण व हवा खेळती ठेवणारी असते. जड शरीराच्या व्यक्तींस बहुधा मानवते. काही वर्षांनी मध्यभागी बसते, म्हणून ठरावीक काळाने तिची डोके-पाय ही बाजू फिरवावी.

पॉलियुरेथेन फोम : याची घनता दर घनमीटरला किलोग्रॅममध्ये सांगतात. ३२ वा ४० घनता हे शब्द विक्रेते वापरतात ते यावरून. घनतेवरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, काठिण्याचा नव्हे. एकाच घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कठीणही. हा भेद ठाऊक नसल्याने अनेकांची फसगत होते.

मेमरी फोम : नासाच्या विमानआसनविषयक कामातून १९६० च्या दशकात पुढे आलेला हा पदार्थ उष्णतेने मऊ होतो व थंडीत कठीण होतो. शरीराचा आकार घेतो, पण उष्णताही साठवतो. पित्तप्रकृती, रजोनिवृत्तीच्या काळातील दाहयुक्त स्त्रिया, तसेच विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो अनेकांस सोसत नाही. कूस बदलण्यास थोडा अधिक जोर लागतो, म्हणून अशक्त वृद्धांस विचारपूर्वक द्यावा.

लॅटेक्स : स्थितिस्थापक, आकार देऊन लगेच पूर्ववत होणारे. कूस बदलणे सोपे जाते, परंतु वजन व किंमत अधिक.

एक सूचना खास आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. अभ्यंगानंतर अंगावर तेल ठेवूनच झोपणाऱ्या रुग्णांत ते तेल गादीत मुरते. तेलाने रबर व लॅटेक्स खराब होतात. अशा रुग्णास जाड सुती पलंगपोस व त्याखाली धुता येईल अशी सतरंजी घालण्यास सांगावे.

काठिण्य बदलण्याचा क्रम

नवी गादी घेणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आम्ही पुढील क्रम सुचवितो.

प्रथम पायरी – नोंद. कोणताही बदल न करता सात रात्रींची नोंद ठेवावी. सकाळची वेदना ० ते १० या अंकांत, ताठरपणा किती मिनिटे राहतो ते, आणि रात्री किती वेळा जाग आली ते.

द्वितीय पायरी – घरातील साधनांनी चाचणी. गादी अतिकठीण ठरली असल्यास तिच्यावर दोन घड्यांची जाड गोधडी किंवा रजई समप्रमाणात अंथरावी. गादी मऊ वा बसकी ठरली असल्यास ती काही रात्री जमिनीवर टाकून झोपावे, किंवा बाज असल्यास खाली फळी घालावी. फळी गादीखाली असावी, पाठीखाली नव्हे. वृद्ध व गुडघेदुखीच्या रुग्णांना जमिनीवरून उठणे कष्टाचे असते, त्यांना पलंगावरच गादीखाली प्लायवूड घालून देता येते.

एका वेळी एकच बदल करावा व तो किमान दोन ते तीन आठवडे ठेवावा. पहिल्या तीन-चार रात्री नवेपणामुळे अस्वस्थता वाटते, तेवढ्यावरून निर्णय करू नये. मात्र पायात उतरणारी वेदना वा बधिरता वाढल्यास बदल ताबडतोब मागे घ्यावा.

तृतीय पायरी – वरचा थर. गोधडीने निश्चित उपशय मिळाला, तरच बाजारात 'टॉपर' नावाने मिळणारा थर घ्यावा. साधारणतः पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, जाडीचा थर बहुतेकांस पुरतो. केवळ कुशीवर झोपणाऱ्या व रुंद कटीच्या व्यक्तीस तीन इंचांचा लागू शकतो. त्याहून अधिक जाडीत कंबर पुन्हा रुतू लागते. थराची जाडी वाढली की पलंगाची उंचीही वाढते. कडेवर बसले असता तळपाय जमिनीस पूर्ण टेकले पाहिजेत, अन्यथा उठताना कंबरेला हिसका बसतो.

येथे एक नियम पक्का ध्यानी ठेवावा. थर हा कठीण गादीस मृदू करतो; बसक्या गादीस सरळ करीत नाही. खड्ड्यावर टाकलेला थर त्याच खड्ड्याचा आकार घेतो.

चतुर्थ पायरी – नवी गादी. वरील उपायांनी उपशय न मिळाल्यास व गादी जुनी, बसकी असल्यास मध्यम कठीण गादी घ्यावी. दुकानात पाच-दहा मिनिटे आपल्या नेहमीच्या कुशीवर निजून पाहावे आणि शक्यतो परत करण्याची मुभा असलेली घ्यावी.

प्रकृतीनुसार विचारही येथे करता येतो. कृश, वातप्रकृती रुग्णाचे वजन कमी असल्याने तीच गादी त्यास अधिक कठीण भासते. त्यास वरचा थर मृदू व उबदार हवा. स्थूल, कफप्रधान रुग्ण गादी खोल दाबतो, त्यास खालचा भाग कठीण व जाड हवा. पित्तप्रधान रुग्णास हवा खेळती ठेवणारी कापूस वा काथ्याची शय्या मानवते. पती-पत्नींच्या वजनांत मोठा फरक असल्यास एकाच पलंगावर दोन स्वतंत्र एकेरी गाद्या जोडून घालणे हा सोपा मार्ग आहे.

शयनस्थिती व उठण्याची रीत

योग्य गादीवरही चुकीच्या स्थितीत झोपल्यास शूल राहतो. उताणे झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली लहान लोड घ्यावा. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघे किंचित दुमडून त्यांमध्ये उशी ठेवावी आणि डोक्याखालील उशी कान व खांदा यांतील अंतर भरून काढेल इतकीच उंच असावी. पालथे झोपणे टाळावे. वरचा थर घातल्यावर खांदा खाली रुतत असल्याने पूर्वीची उशी उंच पडू लागते, मग मान दुखू लागते. अशा वेळी उशी पातळ करावी.

उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत व हातांच्या आधाराने उठावे. सकाळचा पहिला तास पुढे वाकण्याची कामे टाळावीत. सकाळचे पुढे वाकणे टाळल्याने दीर्घकालीन कंबरदुखी कमी होते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आढळले आहे. म्हणून उठल्याबरोबर पश्चिमोत्तानासन वा सूर्यनमस्कार घालणाऱ्या रुग्णांस ते तासाभराने करण्यास सांगावे. केर काढणे, बादली उचलणे, खाली बसून कपडे धुणे ही कामेही शक्य तो पुढे ढकलावीत.

दोन नित्याची रुग्णचित्रे

आमच्या चिकित्सालयात वरचेवर दिसणारी दोन चित्रे येथे देतो. पहिले चित्र साठीच्या घरातील कृश गृहिणीचे. कटिशूलासाठी कोणाच्या तरी सल्ल्याने ती चटईवर झोपू लागते. कटिशूल किंचित हलतो, पण दोन्ही खांदे व कटीच्या बाजू दुखू लागतात, झोप तुटते, मलावष्टंभ वाढतो. औषधे बदलूनही उपशय नाही. अशा रुग्णेस पिंजलेल्या कापसाची गादी व वर गोधडी देऊन, रात्री कोमट तेलाचा अभ्यंग सांगितला, की पहिला फरक निद्रेत दिसतो आणि शूल त्यामागोमाग उतरतो.

दुसरे चित्र दिवसभर बैठे काम करणाऱ्या स्थूल तरुणाचे. मऊ फोमची जुनी गादी मध्यभागी बसलेली, त्यावर त्याने महागडा थर घेतलेला. सकाळी अर्धा तास कंबर ताठ. येथे थर काढून गादी प्लायवूडवर घालणे हीच चाचणी आणि पुढे गादी बदलणे हाच उपाय. त्याबरोबर वजन घटविणे व चालणे हे सांगावेच लागते, कारण शय्या हा अनेक हेतूंपैकी एकच हेतू असतो.

शय्येवर दोष टाकू नये असे रुग्ण

गादीला दोष देता देता गंभीर व्याधी नजरेआड होणे, हा या विषयातील सर्वांत मोठा धोका आहे. पुढील लक्षणांत गादीची चर्चा बाजूस ठेवून तपासण्या करवून घ्याव्यात.

१) चाळिशीच्या आतील रुग्णात तीन महिन्यांहून अधिक काळ असलेला, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, उत्तररात्री वेदनेने जाग येणे, विश्रांतीने वाढून व्यायामाने कमी होणारी वेदना. हे चित्र अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे असू शकते. आमवाताच्या वर्णनात माधवकरांनी त्रिकसंधीचा उल्लेख केला आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे.

२) कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना, ज्वर, वजन घटणे, रात्रीचा घाम. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो, हे विसरू नये. पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णातही हीच दक्षता घ्यावी.

३) मूत्र वा मल यांवरील ताबा जाणे, मूत्र अडणे, गुदाभोवती व जांघांच्या आतील बाजूस बधिरता, पायातील बल कमी होत जाणे. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

४) पडणे, अपघात, वृद्ध स्त्रिया किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांना अचानक आलेला तीव्र पृष्ठशूल. येथे मणक्याच्या भग्नाचा संशय घ्यावा.

तसेच अंथरुणास खिळलेले, मधुमेहामुळे स्पर्शज्ञान कमी झालेले व अतिकृश रुग्ण यांना फळी, चटई वा कठीण गादी कदापि देऊ नये. अस्थींच्या उंचवट्यांवर दाब पडून शय्याव्रण होतात आणि ते भरून येण्यास अतिशय कष्ट पडतात.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द

कंबरदुखीचा रुग्ण अनेकदा वैद्याकडे जाण्यापूर्वी औषधालयात तेल, लेप वा कमरेचा पट्टा मागावयास येतो. अशा वेळी 'दुखणे सकाळी अधिक की सायंकाळी?', 'पायात मुंग्या वा बधिरता आहे काय?' आणि 'ताप वा वजनात घट आहे काय?' हे तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास तेल देण्याआधी वैद्याकडे पाठवावे.

उशा, थर वा गाद्या विक्रीस ठेवणाऱ्यांनी 'ऑर्थोपेडिक' या शब्दावर विसंबू नये, कारण त्या शब्दामागे काठिण्याचे कोणतेही एकच ठरलेले माप नाही. 'चुंबकीय' गाद्यांबाबत केले जाणारे रोगनिवारणाचे दावे रुग्णापुढे उच्चारू नयेत. वैद्यांनीही विशिष्ट दुकानाची गादी लिहून देण्याचे व त्या बदल्यात काही स्वीकारण्याचे कटाक्षाने टाळावे. रुग्णाने हजारो रुपये खर्चण्यापूर्वी गोधडीची तीन आठवड्यांची बिनखर्ची चाचणी त्यास सांगणे, यात आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे.

समारोप

सारांश, कटिशूलात शय्या ही मध्यम कठीण, सपाट, कोरडी व सुखस्पर्श असावी. फळी हवी असल्यास ती गादीखाली असावी. कपाटशयन हे भग्नासाठी आहे, शूलासाठी नाही. कठीण गादीस थर, बसक्या गादीस बदल, आणि दोन्हीपूर्वी नोंद व चाचणी, हा क्रम राखावा. शय्या सुधारली म्हणजे चिकित्सा संपली असे नव्हे. परंतु शय्या न सुधारता केलेली चिकित्सा अपुरी राहते.

रुग्णपत्रकात आहार, विहार, निद्रा या रकान्यांशेजारी 'शय्या' असा एक रकाना वाढविण्याची सूचना आम्ही वैद्यबंधु-भगिनींना या निमित्ताने करू इच्छितो. गादीचे द्रव्य, वय, काठिण्य व झोपण्याची कूस एवढी चारच टिपणे त्यात असावीत. त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि वातव्याधीच्या एका ग्रंथोक्त हेतूची विचारणा त्यामुळे कधीही राहून जात नाही.